चौसष्ट हजार नोंदींची पोतडी

तुमची सूनबाई काय काम करते, असे कोणी विचारले की पूर्वी मी "ती संगणकावर बसते" एवढेच सांगत असे. ते उत्तर अपुरे होते. शिंपी यंत्रावर बसतो असे सांगून तो काय शिवतो ते कळत नाही, तसेच ते होते. म्हणून प्रथम तिचे काम नीट सांगते.

जे लोक संशोधन करतात ते आपल्या प्रबंधात जागोजागी लिहितात की, अमुक गोष्ट मला अमुक पुस्तकात मिळाली. यास संदर्भ म्हणतात. शेवटी त्या सर्व पुस्तकांची यादी असते, तीस संदर्भसूची म्हणतात. माझी सूनबाई अशा सूची सांभाळते. तिच्याजवळ त्यासाठीचे एक सॉफ्टवेअर आहे. त्यात एकेका पुस्तकाची एकेक नोंद करून ठेवायची. प्रबंधाच्या ओळीत ती नोंद जोडली की शेवटची यादी ते सॉफ्टवेअर आपण होऊन तयार करते. ओळ आणि यादी यांच्यामध्ये एक धागा राहतो. एकीकडे बदल केला की दुसरीकडे तो आपोआप होतो.

लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कार्डांचे खण लावण्याचे काम करीत होती. जाड कार्डांच्या कडा लागून तिच्या बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडलेल्या असत. मी तेव्हा म्हणाले होते, "कागद कापतो बोटं, मग पगार काय बोटं कापून घ्यायचा देतात का?" ती हसली नाही. म्हणाली, "आई, एक कार्ड चुकीच्या खणात गेलं तर ते पुस्तक असून नसल्यासारखंच." मला त्यातले काही कळले नाही. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. पुस्तक असले काय आणि नसले काय, माझ्या लेखी दोन्ही सारखेच होते.

पुढे ते ग्रंथालय बंद झाले. परंतु तिथे येणारे संशोधक तिच्या मागोमाग आमच्या घरी येऊ लागले. आमच्या मधल्या खोलीत खिडकीशी तिचे टेबल आहे. त्यावर संगणक, शेजारी छोटे छपाईयंत्र, आणि खाली दुमडलेल्या पुठ्ठ्यावर टेकवलेला एक पाय, कारण टेबलाचा तो पाय तोकडा आहे. त्या टेबलावर तिने एकोणीस वर्षांत चौसष्ट हजार नोंदी जमवल्या. त्या साठ्याला ती पोतडी म्हणते.

पोतडी एवढी फुगण्याचे कारण या मंडळींचा एक नियम आहे. ज्याचा प्रबंध पूर्ण होईल त्याने आपल्या सर्व नोंदी, नोंदींखाली लिहिलेल्या टिपांसह, सूनबाईच्या स्वाधीन करायच्या, म्हणजे मागून येणाऱ्याला त्या उपयोगी पडतील. आणि एकाची टीप दुसऱ्याने पुसायची नाही. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या नऊ-नऊ नोंदी झाल्या. एकाने खाली लिहिलेले, "पान साठनंतर वाचू नये." दुसऱ्याने लिहिलेले, "लेखक गृहस्थ सज्जन, पुस्तक तसे नाही." एका वयस्कर संशोधकाने तिसऱ्या नोंदीखाली लिहिले होते, "हे पुन्हा नीट वाचायचे आहे." ते त्याच वर्षी वारले. दोन नोंदी एक केल्या तर ते सॉफ्टवेअर एकाच नोंदीची टीप ठेवते व दुसरी पुसून टाकते. म्हणून सूनबाई नोंदी एक करीत नसे. "माणूस गेला म्हणून त्याचं वाचायचं राहिलेलंही पुसू का?" असे ती विचारी.

याचा परिणाम असा झाला की पोतडी जड झाली. सकाळी सूनबाई ती उघडायला लावी आणि आंघोळीला जाई. केस पुसत परत येई तेव्हा ती कशीबशी उघडलेली असे. एखादे नाव शोधायला सांगितले की माउसच्या बाणाच्या जागी एक गोल चक्र फिरू लागे. माझा मुलगा एकदा म्हणाला होता, "अगं, नवीन पोतडी कर, प्रत्येकाची वेगळी." ती म्हणाली, "तुमच्या आईंना तुमच्यापासून वेगळं ठेवा म्हटलं तर ठेवाल?" तो म्हणाला, "आई काही नऊ वेळा नाहीये." मी आतून म्हणाले, "एकदाच पुरते." तो विषय तिथे संपला.

आता त्या दिवसाकडे येते.

घरी होणाऱ्या बाळंतपणांचा इतिहास या विषयावर एक शिक्षिका सात वर्षे प्रबंध लिहीत होत्या. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणत असू. दिवसा शाळा, सायंकाळी आजारी वडिलांची सेवा, आणि उरलेल्या वेळात प्रबंध, असे त्यांचे जीवन होते. दोनदा मुदत वाढवून घेतलेली होती. तिसऱ्यांदा ती मिळत नाही. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद होणार होती. पाचच्या आत बांधलेला प्रबंध त्या खिडकीत गेला नाही तर त्यांची नोंदणी रद्द होणार होती, आणि सात वर्षांचे काम घरातल्या फळीवर राहणार होते.

सकाळी साडेनऊला त्या आल्या. हातात पिशवी, पिशवीत पेन ड्राइव्ह, आणि चेहरा असा की मी पाणी पुढे केले ते त्यांनी हातात धरले पण प्यायल्या नाहीत.

"ताई, मार्गदर्शक सरांनी काल संध्याकाळी सतरा नवे संदर्भ घालायला सांगितले. सतरा! सात वर्षं झोपले होते का?"

सूनबाई म्हणाली, "सतराच ना? बसा. आधी पाणी प्या, ते तुमच्या हातात तापतंय."

प्रबंध चारशे अडतीस पानांचा होता आणि त्यात अकराशे चौसष्ट ठिकाणी संदर्भ जोडलेले होते. सूनबाईने पहिला नवा संदर्भ जोडला. चक्र फिरू लागले. चार मिनिटे गेली. दुसरा जोडला. पाच मिनिटे गेली. तिसऱ्याला सात. मास्तरीणबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बोटांवर हिशेब करीत होत्या.

"असं का करतंय हे?" त्यांनी विचारले.

"शाळेत एक नवीन मुलगी वर्गात आली, की तुम्ही अख्ख्या शाळेची हजेरी पुन्हा घेता का? हा घेतो. एक संदर्भ घातला की अकराशे चौसष्ट जणांची नावं पुकारतो, आणि प्रत्येकाला चौसष्ट हजारांत शोधून येतो."

"मग सांगा की त्याला, नको घेऊ म्हणून!"

"तेच सांगतेय." तिने सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी आत जाऊन एक खूण काढून टाकली. "आता हजेरी शेवटी एकदाच. पण ती शेवटची मोठी असणार, बरं का. आत्ताच सांगून ठेवते."

त्यानंतर नोंदी भराभर बसू लागल्या. तरीही त्या सतरांतील पाच पुस्तके पोतडीत नव्हती, त्यांची माहिती शोधून भरावी लागली. एकाचे प्रकाशनवर्षच कुठे मिळेना. बाराला वीस मिनिटे असताना सतरावा संदर्भ बसला. सूनबाईने खांदे मागे टाकले, माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, चहा मिळेल का? या बाईंना पण. साखर जास्त."

मग तिने शेवटच्या हजेरीचे बटण दाबले.

स्क्रीन हळूहळू पांढुरकी झाली. अक्षरे धुक्यात गेल्यासारखी झाली. बाणाचे चक्र फिरता फिरता थांबले. आम्ही तिघी चहाचे कप घेऊन स्क्रीनकडे पाहत होतो. साडेबारा वाजले. एक वाजला. मास्तरीणबाईंचा चहा तसाच होता.

"बंद पडलंय ते," त्या म्हणाल्या.

"नाही. तो डबा बघा." सूनबाईने टेबलाखाली बोट दाखवले. तेथील संगणकाच्या डब्यावर एक लहानसा हिरवा दिवा आहे. तो लुकलुकत होता. "तो लुकलुकतोय तोवर आतून शोधतोय. काम चालू आहे, फक्त तोंड उघडत नाहीये."

"ताई, ते बाकीच्यांचं ओझं काढून का नाही टाकत? कोण कुठले, केव्हाच गेलेले लोक! त्यांच्या टिपांपायी मी मरू का?"

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला वाटले, आता सूनबाई रागावेल. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला सुईणींच्या रजिस्टरचा संदर्भ कुठून मिळाला तुम्हाला?"

मास्तरीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"एका गेलेल्या माणसाच्या टिपेतून. 'हे रजिस्टर कोणी पाहिलेले दिसत नाही' असं लिहून ठेवलं होतं त्यांनी. तुम्ही पाहिलंत. त्यावरच अख्खं प्रकरण उभं आहे तुमचं." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "पण जड झालीय ती पोतडी, हे खरं आहे. ते माझ्यामुळे झालंय. ते मी नाकारत नाही."

दीड वाजता छपाईवाल्याला फोन लावला. तो उचलेना. प्रबंधाची एक प्रत छापून बांधायला त्याला निदान अर्धा तास लागणार होता, आणि सकाळी त्याने सांगितले होते की तीननंतर यंत्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिले आहे. दोन वाजायला आले तेव्हा सूनबाई उठली.

"मी जाऊन त्याला धरते. समोर उभी राहिले की नाही म्हणता येत नाही त्याला. आई, तुम्ही इथे खुर्चीत बसा. कुणालाही माउसला हात लावू देऊ नका."

"कुणालाही म्हणजे?"

"म्हणजे यांना. आणि मी घाबरून परत आले तर मलासुद्धा."

मी खुर्चीत बसले. ती खुर्ची मला मोठी होते, पाय जमिनीला लागत नाहीत. मास्तरीणबाई खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालू लागल्या. रस्त्यावर कोणी तरी लोखंडी पट्ट्या उतरवीत होते आणि प्रत्येक आवाजाला त्या दचकत होत्या.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चार वर्षांपूर्वी मी प्रौढ वर्गात जाऊ लागले, तेव्हा मला सराव व्हावा म्हणून सूनबाईने संगणकाची सर्व बटणे व सूचना मराठीत करून ठेवल्या. तिला स्वतःला इंग्रजीची सवय होती. पहिले काही महिने तिलाच बटणे सापडत नसत. ती तक्रार करीत नसे. मी भाजी चिरताना ती मला हाक मारी आणि विचारी, "आई, हे काय लिहिलंय?" मी सांगे, "जतन करा." ती म्हणे, "बरोबर," आणि जतन करी.

त्या दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, पांढऱ्या स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उघडली. मी ती वाचली. मला सावकाशच वाचता येते. मी ओळीखाली बोट धरले.

"हा... प्रोग्राम... प्रति... प्रतिसाद देत नाही."

"बघा! मी सांगत होते!" मास्तरीणबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

खाली दोन बटणे होती. एकावर "बंद करा" असे होते, दुसऱ्यावर "वाट पाहा".

"आजी, बंद करा दाबा. पुन्हा नव्यानं सुरू करू. अडीच तास झालेत!"

मी म्हणाले, "बंद केलं तर काय होईल?"

"निदान काहीतरी होईल!"

मला त्यांची दया आली. परंतु आमच्या वर्गाच्या बाईंनी पहिल्या दिवशी एक नियम घातला होता. कोणी वाचता वाचता अडले तर बाकीच्यांनी वाट पाहायची, त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. एका शब्दावर मी एकदा इतकी अडले होते की बाहेर कोणाचा तरी फोन वाजून थांबला, तरी मी तिथेच होते. वर्गात एकवीस जणी होत्या. कोणीही बोलले नाही. मला तो शब्द आला.

मी डब्याकडे पाहिले. हिरवा दिवा लुकलुकत नव्हता.

दिवा सरळ जळत होता. सूनबाईने लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी सांगितले होते, सरळ जळणाऱ्या दिव्याविषयी काही सांगितले नव्हते. मास्तरीणबाईंनीही तो पाहिला. त्यांचा हात माउसकडे गेला. मी माझा तळवा माउसवर ठेवला. त्यांचा हात माझ्या हातावर आला. तो बर्फासारखा गार होता.

"आजी, हात काढा."

"नाही काढणार."

"तुमचं काय जातंय? तुमची सात वर्षं नाहीयेत त्यात!"

"माझी नाहीत. म्हणूनच मला इथं बसवलंय. बाई, माझी असती तर मी पण दाबलं असतं."

त्या खाली बसल्या, जमिनीवरच, भिंतीला टेकून. तोंडावर पदर धरला. मी दुसऱ्या हाताने बाण हळूहळू "वाट पाहा" वर नेला, ते शब्द पुन्हा एकदा मनात वाचले व दाबले. चौकट नाहीशी झाली. मी दिव्याकडे पाहत राहिले. मनात एक ते साठ मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा चाळीसपर्यंत आले तेव्हा दिवा एकदा मिटला, आणि लुकलुकू लागला.

"बाई," मी म्हणाले, "तोंड उघडत नाहीये, पण जीव आहे."

त्या पदराआडून हसल्या की रडल्या ते मला समजले नाही.

सूनबाई परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. छपाईवाल्याने चारपर्यंत यंत्र अडवून ठेवण्याचे कबूल केले होते. "म्हणाला, तुमच्या प्रबंधांपायी माझी बायको मला दुपारचं जेवायला बोलवत नाही आता. मी म्हटलं, सूची तयार झाली की तुमच्या बायकोलाच डब्यासह घेऊन येते." तिने माझा हात अजून माउसवर पाहिला आणि काही न विचारता शेजारी उभी राहिली.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी स्क्रीनवरचे धुके गेले. अक्षरे परत आली. शेवटी सदतीस पानांची सूची उतरली होती. मास्तरीणबाईंनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मी सूनबाईचा चेहरा पाहिला. ती आनंदित नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "हे बघा."

सूचीत एकच पुस्तक दोनदा आले होते. सात वर्षांत मास्तरीणबाईंनी कधी एका संशोधकाच्या नोंदीवरून, तर कधी दुसऱ्याच्या नोंदीवरून तेच पुस्तक जोडले होते. सॉफ्टवेअरला ती दोन पुस्तके वाटली. त्याने वर्षापुढे "अ" आणि "आ" लावून ती वेगळी केली. असे एक नव्हे, अनेक ठिकाणी झाले होते. पोतडीतील ज्या नऊ-नऊ नोंदी सूनबाईने मायेने जपल्या, त्यांनीच हा घोळ केला होता.

"हे असंच दिलं तर?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"घेतील. पण परीक्षक म्हणतील, या बाईंना आपण वाचलेलं पुस्तकही ओळखता येत नाही."

सॉफ्टवेअरमध्येच दुरुस्ती करावी तर पुन्हा अडीच-तीन तासांची हजेरी. तेवढा वेळ नव्हता. तेव्हा सूनबाईने जे काम ती सर्वांना निक्षून मना करते ते केले. प्रबंधाची एक वेगळी प्रत काढली आणि त्या प्रतीतले सर्व धागे तोडले. धागे तुटले की ती साधी अक्षरे होतात, हाताने बदलता येतात, पण मग ती पुन्हा आपोआप जुळत नाहीत. बटण दाबताना तिने डोळे मिटले होते.

तिने सदतीस पाने छापून माझ्यापुढे ठेवली. "आई, तुम्ही वाचा. मोठ्यानं. प्रत्येक नोंद."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "ताई, आजींना दोन तास लागतील! मी पाहते ना."

"तुम्हाला पाठ आहे ती. मलाही पाठ आहे. आपले डोळे पळतात. यांचे पळत नाहीत. सगळं नका वाचू, आई, नाव, वर्ष आणि पुस्तकाचे पहिले दोन शब्द, एवढंच. सारखं वाटलं की थांबा."

मी पट्टी घेतली आणि पहिल्या ओळीखाली ठेवली. नाव, वर्ष, दोन शब्द. नाव, वर्ष, दोन शब्द. मी सांगे, सूनबाई कागदावर पेन्सिलीने खोडे, मास्तरीणबाई घरातल्या जुन्या लॅपटॉपवर त्या प्रतीतील जादा नोंद आणि ओळींतील "अ", "आ" शोधून काढून टाकीत आणि पान सांगत. काही जोड्यांना "अ" आणि "आ" लागलेच नव्हते, कारण एका नोंदीत लेखकाचे पूर्ण नाव होते आणि दुसरीत आद्याक्षर होते. त्या त्यांच्या नजरेतून निसटल्या असत्या. मला पुस्तकाचे पहिले दोन शब्द उच्चारावेच लागत होते, त्यामुळे तेच दोन शब्द तोंडात पुन्हा आले की जिभेला कळत होते.

घसा कोरडा पडला. पाणी मागायलाही मला वेळ घालवायचा नव्हता. एकोणिसाव्या पानाच्या शेवटी छपाईवाल्याचा फोन आला. सूनबाईने तो कानाला न लावता उचलून ठेवला. त्यातून त्याचा आवाज येत होता, "वहिनी, साडेतीन झालेत, माणूस दारात उभा आहे माझ्या!"

"त्याला खुर्ची द्या!" सूनबाई ओरडली, "पुढे, आई."

शेवटी छापील पुस्तके संपली व तोंडी मुलाखतींची सूची आली. मास्तरीणबाईंनी अनेक वृद्ध बायकांशी बोलून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. सात वर्षांपूर्वी माझ्याशीही बोलल्या होत्या, कारण माझी चारही बाळंतपणे घरी झाली. चौतिसाव्या पानावर मी पट्टी खाली सरकवली आणि माझे नाव वाचले. पुढे वर्ष, पुढे "प्रत्यक्ष मुलाखत". पट्टी आणखी खाली सरकवली. पुन्हा माझे नाव. तेच वर्ष. तेच दोन शब्द.

मी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. थांबायला हवे होते. मी थांबले नाही. छापलेल्या कागदावर माझे नाव मी त्यापूर्वी एकदाही पाहिले नव्हते, आणि ते एकाखाली एक दोनदा होते. सूनबाईची पेन्सिल वर उचललेली राहिली.

"पुढे," ती म्हणाली.

मी पुढे वाचले.

चारला दहा मिनिटे असताना ती पेन ड्राइव्ह मुठीत धरून जिना उतरली. मास्तरीणबाई मागे. मी खिडकीतून पाहिले. सूनबाईने स्कूटरला दोनदा लाथ मारली तरी ती सुरू होईना. तिसऱ्यांदा झाली. मग घरात मी आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच राहिलो. छपाई, बांधणी, दहा मिनिटांचा रस्ता, विद्यापीठाचा जिना. मी मनात त्यांच्याबरोबर प्रत्येक ठिकाणी जाऊन आले. साडेचारला मला वाटले, आता बांधणी चालू असेल. पावणेपाचला वाटले, निघाल्या असतील. पाचला दहा कमी असताना मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला, कारण स्कूटर चालवताना तो वाजणे बरे नव्हे.

पाचला चार मिनिटे कमी असताना तो वाजला. पलीकडे खूप गलका होता.

"आई, घेतला. शिक्का मारला. खिडकीतला माणूस म्हणतो, चार मिनिटं आधी आलात, लोक तर चार मिनिटं उशिरा येऊन भांडतात."

मी म्हणाले, "बरं." मग फोन खाली ठेवला.

तीन दिवस मी ती गोष्ट मनात ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी पोतडी उघडत होती, चक्र फिरत होते, तेव्हा मी टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"सूनबाई, मी त्या दिवशी एक जोडी सांगितली नाही."

"चौतिसाव्या पानावरची."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही इतक्या मोठ्यानं वाचलंत, आई, की खालच्या मजल्यावरही कळलं असेल."

"मग खोडलं का नाहीस? एवढी नियमाची तू!"

ती चक्राकडे पाहत राहिली. म्हणाली, "तुम्ही तुमचं नाव दोन्ही वेळा वाचलंत आणि थांबला नाहीत. मला खोडता येईना. चूक केली मी ती. जाणूनबुजून केली."

ही चूक लपली नाही. तीन महिन्यांनी परीक्षकांचा अहवाल आला. प्रबंध मान्य झाला होता. शेवटी एकच दुरुस्ती सांगितली होती: मुलाखतींच्या सूचीत एक नोंद दोनदा आली आहे, ती एकदा करावी. मास्तरीणबाई अहवाल नाचवीत आल्या. "चारशे अडतीस पानांत एवढंच सापडलं त्यांना! आजी, तुम्हीच सापडलात!"

सूनबाईने पोतडीत माझ्या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. पहिली मास्तरीणबाईंनी सात वर्षांपूर्वी केलेली. तिच्याखाली टीप होती: "यांना वाचता येत नाही. संमतीपत्र वाचून दाखवले, अंगठा घेतला." दुसरी सूनबाईने गेल्या वर्षी केलेली, विद्यापीठाने संमतीपत्राचा नमुना बदलला तेव्हाची. तिच्याखाली लिहिले होते: "आता वाचता येते. सही घेणे."

"कोणती ठेवू, आई? एकच राहील."

मी दोन्ही टिपा बोट धरून वाचल्या. मग म्हणाले, "एक कर. पण पहिली टीप पुसू नकोस."

तिने पहिली टीप उचलून दुसरीच्या वर लिहिली, पुढे तारीख व कोणी लिहिली ते घातले. एकोणीस वर्षांत तिने एक केलेल्या या पहिल्या दोन नोंदी होत्या. आता ती रोज सकाळी दहा जोड्या अशाच एक करते. मी टिपा वाचून दाखवते, ती उतरवून घेते, कोणाचीही पुसली जात नाही. आम्ही अजून "क" वरच आहोत.

त्या पहिल्या जोडीच्या दिवशी मात्र तिने बटण दाबले तशी स्क्रीन पांढरी झाली. मास्तरीणबाईंनी सवयीने माउसकडे हात नेला आणि स्वतःच मागे घेतला. आम्ही तिघींनी खाली वाकून हिरव्या दिव्याकडे पाहिले.